डोक्याच्या दुखापतीनंतर गेलेली झोप आणि ऑनलाइन उपचार : नाशिकहून एक अनुभव

२०२३ च्या हिवाळ्यात रात्री दोन-अडीचला मी मोबाइलवर "डोक्याला मार लागल्यावर झोप येत नाही" असं टाकून शोधत बसायचो. मराठीत हाती लागायचं ते कोमट दूध आणि जायफळ, फार तर तळपायाला तेल. हे सगळं आमच्या घरी आधीच चालू होतं. पुढे ज्या उपचाराने फरक पडला, म्हणजे सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी), त्याची पूर्ण हकिगत कुठेच वाचायला मिळाली नव्हती, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सिडकोत राहतो.

अपघात थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२३, सेकंड शिफ्ट सुटली होती, पाऊस होता. रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली, त्यावरून गाडी घसरली. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, तरी डोकं दुभाजकावर आदळलं. खासगी हॉस्पिटलात नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात छोटा रक्तस्राव दिसला, ते त्याला कन्ट्यूजन म्हणतात. शुद्धीचा ग्लासगो स्कोअर १५ पैकी १३ होता. १३ ते १५ म्हणजे 'सौम्य दुखापत'. पुढचं वर्ष बघता हा शब्द मला जरा जास्तच सौम्य वाटतो. ऑपरेशन लागलं नाही. दुसरा सीटी झाला, झटके येऊ नयेत म्हणून आठवडाभराच्या गोळ्या झाल्या आणि घरी सोडलं. मेडिको-लीगल केस नोंदली गेल्यामुळे पोलिसांनी जबाब घेतला. डिस्चार्ज कार्ड, दोन्ही सीटीचे रिपोर्ट आणि एमएलसी नंबर यांचे फोटो माझ्या मेहुण्याने हॉस्पिटलातच काढून ठेवले. त्यानंतर ज्याच्याकडे गेलो त्याने हेच कागद आधी मागितले.

सुरुवातीचे काही आठवडे मी नुसता झोपून होतो. कुकरच्या शिट्टीने डोकं फुटायचं, ट्यूबलाइट सहन व्हायची नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "मेंदूला मार आहे, पडून राहा." आईने तर पहाराच बसवला होता. मी उठून बसलो की "कशाला उठलास? पड."

नवरात्रात, कालिकेची यात्रा भरली होती त्या दिवसांत, झोप गेली. पहिल्यांदा वाटलं भोंग्यांमुळे असेल. भोंगे बंद झाले, झोप काही आली नाही. साडेनऊला आडवा व्हायचो, बारा वाजायचे, एक वाजायचा. कधीतरी डोळा लागायचा आणि चारला टक्क जाग. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. रात्र भरून निघावी म्हणून दिवसा जमेल तेवढा वेळ लोळायचं. दिवाळीनंतर फिटनेस सर्टिफिकेट देऊन जनरल शिफ्टला हजर झालो, तर व्हर्नियरवर घेतलेलं माप कागदावर उतरवेपर्यंत डोक्यातून जायचं. एकच पार्ट पुन्हापुन्हा मोजायचो. शेजारच्या टेबलावरचा पोरगा काही बोलायचा नाही, पण बघायचा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी दिली. झोप लागली, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात धुकं. डिसेंबरमध्ये न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, फी ८०० रुपये. त्यांनी ती गोळी बघून मान हलवली. मेंदूला दुखापत झालेल्या माणसाला या गोळ्यांनी आठवण आणि लक्ष आणखी मंदावू शकतं, तोलही जाऊ शकतो, असं ते म्हणाले. मात्र एकदम बंद करू नका म्हणून बजावलं आणि कमी करत नेण्याचा तक्ता लिहून दिला. ज्यांची गोळी रोजची झाली आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करा. एका रात्रीत सोडली की झोप आणखी बिघडू शकते.

मग त्यांनी जे विचारलं ते आधी कोणीच विचारलं नव्हतं. घोरतो का? श्वास अडकल्यासारखा होतो का? पाय वळवळतात का? घरी आल्यापासून झटका आलाय का? मला कुठलं माहीत असणार, म्हणून हिला विचारलं. ती म्हणाली, "अहो, घोरायला आधी झोपावं लागतं." डॉक्टर हसले, पण पुढच्या वेळी येताना रात्रीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आणायला सांगितलं. डोक्याच्या दुखापतीनंतर झोपेत श्वास थांबण्याचा त्रासही बऱ्याच जणांत सापडतो आणि त्याची वाट निराळी असते. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तसं काही आढळलं नाही, थायरॉइडही ठीक निघालं. तेव्हा ते म्हणाले, "ही सरळ निद्रानाशाची केस आहे. याला सीबीटी-आय करा. गोळीच्या आधी हे करायचं असतं." अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ सालीच प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर हाच पहिला उपचार म्हणून सांगितलाय, हे मी घरी येऊन वाचलं. नाव भारी असलं तरी यात ना गोळी ना मशीन. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार ठरावीक पद्धतीने बदलायचे, एवढंच.

नाशिकमध्ये समुपदेशक भरपूर आहेत, पण मी फोन केले तिथे नेमकं हे कोणी करत नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टांनीच पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचा नंबर दिला. सगळं व्हिडिओ कॉलवर. पुणे इथून दोनशे किलोमीटरच्या वर, एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि त्या डोक्याने मला अर्धा तास बस सोसत नव्हती. म्हणून ऑनलाइन. इथे एक काम न विसरता करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर ताडून बघा. मी मागितला तेव्हा मॅडमना राग आला नाही. उलट त्यांनी तो पावतीवरच छापलेला असतो म्हणून दाखवलं.

पहिली वेळ मिळायला तीन आठवडे लागले. तोवर व्हॉट्सअॅपवर फॉर्म आले: संमतीपत्र, ओळखपत्र, रिपोर्ट, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. कॉलच्या वेळी तुम्ही नेमके कुठल्या पत्त्यावर आहात हेही विचारतात. आधी विचित्र वाटलं, पण काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना ठाऊक हवं ना. निद्रानाशाची तीव्रता मोजायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली होती, गुण शून्य ते २८. माझे २१ आले. २२ पासून 'तीव्र' धरतात. पहिल्या भेटीचे १,८०० रुपये, नंतर दर वेळचे १,२००.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. आमचं घर दोन खोल्यांचं, संध्याकाळी आईची मालिका चालू असते, त्यामुळे मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला खुर्ची टाकून बसायचो. नेटवर्कही तिथेच बरं. पाऊण तासाचं सेशन असतं, पण वीस मिनिटांत स्क्रीनने माझं कपाळ ठणकायला लागायचं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी मध्ये दहा मिनिटांची सुट्टी ठेवली, उरलेला भाग कॅमेरा बंद करून नुसता आवाजावर. ठरलेल्या गोष्टी शेवटी व्हॉइस नोटवर पाठवायच्या, कारण माझ्या लक्षात राहत नव्हतं. दुसऱ्या सेशनपासून हिलाही बाजूला बसवलं. डोक्याला मार लागलेल्यांनी या सवलती मागून घ्याव्यात. न मागता कोणाला सुचत नाहीत.

पहिलं काम नुसतं लिहायचं. गादीवर कधी गेलो, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळ जागा, शेवटची जाग कधी, गादी कधी सोडली, चहा किती, दिवसा झोपलो का. ऑनलाइन फॉर्म होता, पण सकाळी उठल्या उठल्या मोबाइल नको म्हणून मी कागदावर मागितलं. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो. त्याच चौकोनांत दुधाच्या खाली माझी झोप लिहायला लागलो आणि आठवड्याने पानाचा फोटो पाठवायचो. अट अशी की रात्री घड्याळ बघायचं नाही, सगळं सकाळी अंदाजाने लिहायचं. हिने भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात हलवलं. मोबाइल फ्रिजवर.

दोन आठवड्यांनी मॅडमनी हिशोब मांडला. मी गादीवर सरासरी नऊ तास होतो, झोप पाच. पाच भागिले नऊ, म्हणजे साधारण पंचावन्न-छप्पन्न टक्के. हा आकडा पंच्याऐंशीच्या आसपास हवा. "तुमची झोप बिघडवली अपघाताने," त्या म्हणाल्या, "पण आता ती टिकवून धरलीय या उरलेल्या चार तासांनी. गादी म्हणजे तळमळायची जागा, असं तुमच्या मेंदूने पाठ केलंय." गेले सहा महिने अख्खं घर मला प्रेमाने जे करायला लावत होतं, तेच आता दुखणं होऊन बसलं होतं. पहिल्या आठवड्यांत विश्रांती हवीच होती. ती कधी थांबवायची हे मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं.

उपाय ऐकून मला चक्कर यायची बाकी होती: गादीवरचा वेळ कमी करायचा. १९८७ साली आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, म्हणजे कालचं फॅड नव्हे. आधी झोपेचा तुटवडा होऊ द्यायचा, मग झोप आपसूक घट्ट होते. माझी झोप पाच तास होती, तरी दुखापत बघून मॅडमनी सहा तासांच्या खाली जायचं नाही असं ठरवलं: साडेअकरा ते साडेपाच. आणि सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टांची लेखी हरकत-नाही मागितली. कमी झोपेने झटका येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ज्यांना झटके आलेत किंवा त्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा भाग मनाने करूच नये. बायपोलर आजार असणाऱ्यांनीही नाही. माझ्या चिठ्ठीसाठी पुन्हा ८०० रुपये आणि एक अख्खी दुपार वेटिंगमध्ये गेली. पेंग येते म्हणून या काळात गाडी चालवायची नाही, हेही ठरलं. कंपनीच्या बसने जाऊ लागलो.

दुसरा नियम असा की गादी फक्त झोपेला. बराच वेळ झोप आली नाही, वीसेक मिनिटं झालीत असं वाटलं, तर उठायचं, दुसरीकडे बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. आता सिडकोच्या घरात 'दुसरीकडे' म्हणजे कुठे? आमचा दिवाण बाहेरच्या खोलीत. त्यावरच पोरीचा अभ्यास, पाहुणे, टीव्ही आणि रात्री मी. मॅडमना वाटलं होतं बेडरूम असेल. कॅमेरा फिरवून घर दाखवलं तेव्हा त्यांनी तोडगा काढला: दिवाण सोडा, जमिनीवर वेगळी गादी घाला. सकाळी साडेपाचला वळकटी बांधून माळ्यावर आणि रात्री साडेअकराशिवाय ती खाली काढायची नाही. लोळायचा मोह झाला तरी लोळायला काही हाताशी उरलं नाही. अख्ख्या उपचारातली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि ती पुस्तकी नव्हती.

पहिले दहाएक दिवस वाईट गेले. साडेनऊपासून साडेअकरापर्यंत जागं राहणं हीच शिक्षा. टीव्ही-मोबाइल डोळ्यांना नको, वाचन जमत नाही. मग मेथी निवडली, कपड्यांच्या घड्या घातल्या, पोरीच्या वह्यांना कव्हरं घातली. एका रात्री मी मटकी निवडता निवडता पेंगतोय आणि ही मला हलवून जागं करतेय हे बघून आई चिडली. "डोक्याला लागलंय माझ्या लेकराच्या आणि तुम्ही त्याला झोपू देत नाही? कोण ती पुण्याची बाई?" पुढच्या सेशनला आईलाच गच्चीवर नेलं. मॅडम तिच्याशी शांतपणे बोलल्या. "आजी, त्याची झोप काढून घेत नाहीये. विखुरलेली आहे, ती गोळा करतोय. महिनाभर मला द्या." आई पटली असं नाही म्हणणार, पण पहारा उठला.

दिवसाच्या थकव्याचं वेगळं बघावं लागलं. मेंदूच्या दुखापतीनंतरचा थकवा म्हणजे आळस नव्हे. दुपारी एकदा डोकं बंदच पडतं. म्हणून पूर्ण मनाई न करता तीनच्या आधी वीस मिनिटं, खुर्चीत, गजर लावून एवढी मुभा होती. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे खुर्ची टाकून मी ती वापरली. चारचा कंपनीचा चहा सोडला, तो मात्र जिवावर आला. सकाळी उजेडात चालायचं होतं. पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचो. वर चढायची परवानगी नव्हती.

मधल्या सेशनांत विचारांवर काम झालं. माझ्या डोक्यात एक वाक्य घट्ट बसलं होतं: आज झोप झाली नाही तर मेंदू भरून येणार नाही, कायमचा अधू होईन. मॅडमनी ते कागदावर लिहायला लावलं आणि म्हणाल्या, पुरावा आणा. वाईट रात्रीनंतरचे आणि बऱ्या रात्रीनंतरचे माझे इन्स्पेक्शन शीट काढून ताडून बघितले. चुकांमध्ये मला वाटत होता तेवढा फरक नव्हता. थकवा होता, चिडचिड होती, पण माप बरोबर यायचं. त्या दिवसानंतर रात्रीची धास्ती थोडी उतरली. अपघाताचं स्वप्न पडतं का, जगणं नको वाटतं का, हेही त्यांनी स्पष्ट विचारलं. तसं असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार होत्या. ज्यांना अशा रात्री एकट्याने काढाव्या लागतात त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

मार्चच्या मध्यावर कालनिर्णयचं पान बदललेलं दिसू लागलं. गादीला पाठ टेकली की झोप, मध्ये एखादी जाग. आकडा पंच्याऐंशीच्या वर टिकला की वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायची. सव्वाअकरा, मग अकरा. उठायची वेळ मात्र साडेपाचच, रविवारीसुद्धा. एप्रिलच्या अखेरीस शेजारी लग्न, हळदीला डीजे, वर उकाडा. लागोपाठ काही रात्री गेल्या. मॅडम म्हणाल्या, काही नवं करू नका, आठवडाभर परत साडेअकरा धरा. धरलं, बसलं. शेवटच्या भेटीत तीच सात प्रश्नांची प्रश्नावली परत भरली. गुण नऊ.

पैशांचं सांगतो. प्रवास, चिठ्ठ्या, तपासण्या धरून सगळा खर्च खिशातून झाला. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये क्लेम टाकला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, हे मी अर्जात लिहिलं. उत्तर आलं की आमच्या पॉलिसीत ओपीडी कुठल्याच आजाराची नाही, दाखल व्हावं लागतं. तेव्हा आधी आपल्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा, असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक आणि निदान लिहून घ्या. रात्रपाळीचा भत्ता गेला तो वेगळाच.

शिफ्टचं मात्र अजून सुटलेलं नाही. दर आठवड्याला बदलणारी पाळी नको, एकच शिफ्ट कायम असेल तर तिच्याप्रमाणे झोपेची वेळ बसवता येईल, असं मॅडमनी पत्र दिलं. एचआरने ते घेतलं नाही, एमबीबीएस डॉक्टरचा शिक्का हवा म्हणाले. न्यूरॉलॉजिस्टांनी त्याच मजकुरावर सही-शिक्का दिला, पण मुदत तीन महिने. संपली की परत नवं सर्टिफिकेट, परत ८०० रुपये. डोकं अजून अधूनमधून दुखतं, गर्दीत आवाज सहन होत नाहीत आणि झोप साडेसहा तासांच्या आसपास येऊन थांबली आहे. कायम जनरलचा अर्ज युनियनच्या प्रतिनिधीमार्फत दिलाय. त्याची पोच, तारखेच्या शिक्क्यासह, फाइलमध्ये लावून ठेवली आहे.